१०५ मिलिमीटरची रेघ: कॅनडाच्या हँडगन कायद्यातले एक प्रकरण

दोन पिस्तुले शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही जर्मन, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, आणि लढाईवरून परतताना कॅनडाचे सैनिक आठवण म्हणून घरी घेऊन आले त्याच जातीची. एक लुगर पी-०८, दुसरे वॉल्थर पी-३८. काडतूस दोघांचे एकच, ९ × १९ मिमी. मॅगझिनमध्ये दोघांच्याही आठ गोळ्या. लुगरची एकूण लांबी सुमारे २२२ मिमी, पी-३८ची सुमारे २१६. म्हणजे लुगरच थोडे लांब. कोटाच्या खिशात लपवायचे म्हटले तर दोघांत डावे-उजवे करायला जागा नाही.

कॅनडाच्या कायद्यात मात्र या दोघांमध्ये भिंत आहे. लुगर ‘प्रतिबंधित’ वर्गात आणि पी-३८ ‘निर्बंधित’ वर्गात. पी-३८ नेमबाजी क्लबाच्या सभासदाला निर्बंधित शस्त्रांच्या परवान्यावर अनेक वर्षे दुकानातून विकत घेता येत होते. लुगर मात्र, वारशाची एक अरुंद वाट सोडली तर, १ डिसेंबर १९९८ नंतर नव्या माणसाला घेताच येत नव्हते, मग तो कितीही सज्जन असो. याचे कारण नळीत आहे. लुगरची नेहमीची नळी सुमारे १०० मिमी, पी-३८ची १२५ मिमी, आणि कायद्याने रेघ ओढली ती १०५ वर.

हे कसे घडले, ही लांबी कुठून कुठपर्यंत मोजतात, रेघ ओढल्यावर कारखान्यांनी काय केले आणि ज्यांच्या कपाटात अशी पिस्तुले आधीच होती त्यांचे काय झाले, हे सगळे एकत्र पाहिले की शस्त्रांचे वर्गीकरण कोणत्या विचाराने होते आणि तो विचार कुठे घसरतो, ते नीट दिसते.

रेघ कुठून आली

कॅनडात हँडगनची नोंदणी नवी नाही. १९३४ पासून प्रत्येक पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर नोंदवणे सक्तीचे आहे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण सरकारला कोणाकडे काय आहे हे निदान कागदावर ठाऊक होते. ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये एका माणसाने रायफलीने १४ स्त्रियांची हत्या केली. त्यानंतर शस्त्रकायदा कडक करण्याची मागणी वाढत गेली. १९९१ मध्ये एक दुरुस्ती झाली. मग १४ फेब्रुवारी १९९५ रोजी कायदामंत्री ॲलन रॉक यांनी सी-६८ हे विधेयक संसदेत मांडले. ५ डिसेंबर १९९५ ला त्याला राजमान्यता मिळाली, आणि त्याचा मुख्य भाग १ डिसेंबर १९९८ पासून लागू झाला. अल्बर्टा प्रांताने त्याला आव्हान दिले, पण २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्राच्या अधिकारातला असल्याचे ठरवले.

या कायद्यात शस्त्रांचे तीन वर्ग आहेत: अनिर्बंधित, निर्बंधित, प्रतिबंधित. शिकारीची साधी रायफल आणि शॉटगन पहिल्या वर्गात. हँडगन म्हणजे एका हाताने रोखून झाडण्यासाठी बनवलेले, बदललेले किंवा तसा हेतू असलेले शस्त्र. ते किमान निर्बंधित असतेच, पहिल्या वर्गात कधीच बसत नाही. हँडगन प्रतिबंधित ठरण्याचे दोन मुख्य दरवाजे आहेत. नळी १०५ मिमी किंवा त्याहून कमी असणे हा पहिला. शस्त्र .२५ किंवा .३२ कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे साधारणपणे गोळीचा व्यास, इथे इंचांत) काडतूस झाडण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदललेले असणे हा दुसरा. कोणतेही एक पुरे.

यामागची भीती खरी होती, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रायफल घेऊन रस्त्यावरून जाणारा माणूस दिसतो. कमरेला खोचलेले आखूड पिस्तूल दिसत नाही. स्वस्त, छोटी, .२५ आणि .३२ ची खिशातली पिस्तुले ना नेमबाजीला उपयोगी, ना शिकारीला. त्यांचा उपयोग जवळ बाळगणे एवढाच. लपवता येते ते जास्त धोक्याचे, असे सूत्र कायदा करणाऱ्यांनी धरले. सूत्र ठीक आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. ‘लपवता येणे’ ही गोष्ट फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून तिच्या जागी मोजता येईल अशी दुसरी गोष्ट बसवावी लागते, आणि इथे नळीची लांबी बसवली गेली.

१०५ हा आकडा इंचांत ४.१३ होतो. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. चार इंची रिव्हॉल्व्हर हे उत्तर अमेरिकेत कित्येक दशके पोलिसांचे नेहमीचे हत्यार होते. रेघ चार इंचांच्या जराशी वर पडल्यामुळे ते अख्खे घराणे रेघेखाली आले. रेघ शंभरावर ओढली असती तर ही चार इंची रिव्हॉल्व्हरे वाचली असती. पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे दोन-तीन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी जाडी, पण त्यात फार मोठा साठा इकडचा तिकडे झाला.

नळी मोजायची कशी

इथे घाई करू नये, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

फौजदारी संहितेच्या कलम ८४ मध्ये नळीच्या लांबीची दोन मोजमापे आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या तोंडापासून गोळ्या बसतात त्या फिरत्या सिलिंडरच्या लगेच पुढे असलेल्या तिच्या मागच्या कडेपर्यंतच मोजायचे. सिलिंडर धरायचा नाही. इतर सगळ्या शस्त्रांत तोंडापासून चेंबरसकट, म्हणजे काडतूस बसते त्या जागेसकट, मोजायचे. तोंडावर बसवलेले कोणतेही जोडसाहित्य, झोत लपवणारे असो की धक्का कमी करणारे, लांबीत धरायचे नाही.

पिस्तुलाचे मोजमाप असे होते. मॅगझिन काढायचे, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटानेही चाचपायचे. रिकामे असल्याची खात्री झाली की स्लाइड पूर्ण पुढे जाऊ द्यायची. मग सपाट टोकाची लाकडी काडी किंवा पितळी दांडा नळीच्या तोंडातून हळूच आत घालायचा, ब्रीचच्या, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या भागाच्या, सपाट तोंडाला टेकेपर्यंत. नळीच्या तोंडाच्या पातळीवर दांड्यावर बारीक खूण करायची. दांडा काढून खूण ते टोक हे अंतर व्हर्निअर कॅलिपरने घ्यायचे. हे तीनदा करायचे, आणि तीन आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले नाहीत तर दांड्याचे टोक तिरके आहे असे समजून पुन्हा सुरुवात करायची.

चुका कुठे होतात? पहिली चूक म्हणजे बाहेरून स्लाइडवर टेप लावणे. स्लाइडची लांबी म्हणजे नळीची लांबी नव्हे. दुसरी, नळीच्या तोंडाला आतून खोलगट कड असेल तर दांड्यावरची खूण खोलगट भागाशी करणे, बाहेरच्या कडेशी न करणे. यात एक-दीड मिलिमीटर सहज जातो. तिसरी, स्लाइड पूर्ण बंद नसणे. चौथी, कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबणे. ‘चार इंच’ हे बहुधा नाव असते, माप नसते. रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गंमत आहे. नळीची मागची कड फ्रेमच्या खिडकीत थोडी आत डोकावते. फ्रेमच्या बाहेरून मोजले तर ती धरली जात नाही आणि नळी आहे त्यापेक्षा आखूड दिसते. रेघेच्या अगदी काठावर असलेल्या शस्त्राच्या बाबतीत हा फरक वर्ग बदलायला पुरतो.

कायद्यातला शब्दही लक्षात ठेवायला हवा: ‘१०५ मिमी किंवा कमी’. बरोबर १०५ म्हणजे प्रतिबंधित. म्हणूनच रेघेच्या वर राहू पाहणाऱ्या कोणत्याही शहाण्या कारखान्याने १०५.१ची नळी काढली नाही. यंत्रावर कापताना होणारा किरकोळ कमी-जास्तपणा आणि मोजणाऱ्याच्या हाताचा फरक धरून १०६ गाठले.

आता रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला भेद पुन्हा पाहा. पिस्तुलाच्या १०६ मिमीत चेंबर येते, म्हणजे त्यातले सुमारे १९ मिमी काडतुसाच्या पुंगळीलाच जातात. रिव्हॉल्व्हरची पुंगळी सिलिंडरमध्ये असते, आणि सिलिंडर मोजमापात नाही. त्यामुळे चार इंची रिव्हॉल्व्हर, जे एकूण लांबीत २३० मिमीच्या आसपास जाते आणि बाजूने सिलिंडरमुळे फुगते, ते प्रतिबंधित. आणि १८५-१९० मिमी लांबीचे चपटे आधुनिक पिस्तूल निर्बंधित. लपवायला सोपे कोणते, हे सांगायला शस्त्रतज्ज्ञ लागत नाही. लुगरचे दुखणेही याच जातीचे. त्याच्या रचनेत नळीच्या मागे गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा आणि तो मागे-पुढे सरकण्यासाठी लांबलचक फ्रेम आहे. शस्त्र लांब, पण त्यातला मोठा हिस्सा नळीचा नाही. पी-३८मध्ये स्लाइड नळीच्या बाजूंनी मागे जाते, म्हणून कमी एकूण लांबीत जास्त नळी बसते. कायद्याने इथे नकळत यंत्ररचनेला गुण दिले. आकाराचा प्रश्न बाजूलाच राहिला.

कारखान्यांचे उत्तर

रेघ ठरली की तिच्या पलीकडे पहिले पाऊल कोण टाकतो, हे बघायचे असते. ग्लॉक-१९ ची मूळ नळी १०२ मिमी. कॅनडाच्या बाजारासाठी तीच १०६ मिमीची करून आली. स्लाइड तीच, मूठ तीच, मॅगझिन कायद्याप्रमाणे १० गोळ्यांचे. फक्त नळीचे तोंड स्लाइडच्या पुढे चार मिलिमीटर बाहेर आलेले. समोरून पाहिले तर जणू बाहीतून मनगट थोडे जास्त दिसावे तसे. रूगरने जीपी-१०० रिव्हॉल्व्हर ४.२ इंची नळीत काढले, म्हणजे १०६.७ मिमी. ज्याने अमेरिकेत चार इंची पाहिले आहे त्याला दोघांतला फरक शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

याला पळवाट म्हणून कारखान्यांना शिव्या घालणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. कायद्याने १०५च्या वर चालेल असे लेखी म्हटले होते, आणि त्यांनी ते पाळले. चुकलेच असेल तर ते मोजमाप निवडताना चुकले. चार मिलिमीटर जास्त नळीमुळे गोळीचा वेग जाणवण्याइतका बदलत नाही, शस्त्र लपवायला कठीण होत नाही, जड होत नाही. ज्या धोक्यासाठी रेघ ओढली तो तसाच राहिला आणि फक्त आकडा बदलला.

असेच अमेरिकेतही घडले होते, वेगळ्या मोजपट्टीने. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर परदेशी पिस्तुलांना आयातीसाठी गुणांची परीक्षा लागली. उंची किमान ४ इंच, लांबी किमान ६, दोन्हींची बेरीज किमान १०, शिवाय वजन, सुरक्षाकळ वगैरेंचे गुण मिळून ७५. वॉल्थरचे पीपीके त्यात नापास झाले. कंपनीने पीपीकेची स्लाइड आणि नळी घेतली, थोड्या मोठ्या पीपीची फ्रेम घेतली आणि दोन्ही जोडून पीपीके/एस काढले. मूठ उंच झाली, वजन थोडे वाढले, मॅगझिनमध्ये एक गोळी जास्त मावू लागली. शस्त्र छोटे नसावे म्हणून केलेल्या नियमाने एक जादा गोळीचे शस्त्र जन्माला घातले.

ब्रिटनची पद्धत वेगळी. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर १९९७ च्या कायद्याने नळी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली शस्त्रे बंद केली. हवेच्या आणि तोंडाकडून ठासायच्या बंदुका सोडल्या. इथे एकूण लांबी आली, हे कॅनडापेक्षा सरस. तरीही तिथे ३० सेंटिमीटरची नळी आणि मुठीतून मागे निघणारी दांडी जोडून ६० सेंटिमीटर भरवलेली रिव्हॉल्व्हरे काही नेमबाज वापरू लागले. पण एक मान्य करायला हवे. तसले धूड कोणी कमरेला खोचून बसमध्ये चढणार नाही. पळवाट निघाली, पण मूळ हेतू शाबूत राहिला. रेघ चांगली की वाईट हे ठरवायचे तर पळवाटेचे निव्वळ असणे पुरत नाही. पळवाटेतून बाहेर पडलेली वस्तू धोक्याची राहते का, हे बघावे लागते. कॅनडाची १०६ मिमीची नळी या कसोटीला उतरत नाही.

कॅलिबरचा दरवाजा

.२५ आणि .३२ ची बंदी वरवर पाहता उलटी वाटते. .३२ एसीपीची गोळी नळीतून सुटताना साधारण १७० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, ९ मिमीची ४५०-५००. म्हणजे दुबळे काडतूस प्रतिबंधित, ताकदवान चालते. कारण पुन्हा तेच. या काडतुसांभोवती बनलेली शस्त्रे खिशात मावणारी असतात, असे गृहीत धरले होते.

पण .३२ चे दुसरे एक घर आहे, ते म्हणजे स्पर्धेतली नेमबाजी. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात जगभर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात, कारण धक्का कमी आणि गोळीचा मार्ग शांत. (आपल्याकडे २५ मीटर पिस्तूल म्हटले की कोल्हापूरच्या राही सरनोबतचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण आठवते. तो महिलांचा प्रकार .२२ चा, त्याला कॅनडाच्या या दरवाजाचा त्रास नाही.) वॉल्थर जीएसपी, पार्दिनी, हेमर्ली ही मुठीला लाकडी खोबण असलेली, लांबरुंद, कोणाच्याही खिशात न मावणारी पिस्तुले अचानक प्रतिबंधित ठरली असती. म्हणून सरकारने वेगळे नियम काढून आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पिस्तुलांची नावानिशी यादी केली आणि तेवढी वगळली.

नावांची यादी म्हणजे रेघेला मारलेले ठिगळ. यादी निघाली त्या दिवशी बरोबर असते. मग कंपनी नवे मॉडेल काढते, नाव बदलते, आणि तेच शस्त्र यादीबाहेर पडते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने हा प्रश्न आपल्यापुरता कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. २५ मीटरचे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत बसले पाहिजे आणि नळी १५३ मिमीपेक्षा जास्त नको. पंच खरोखरीची पेटी घेऊन बसतो, पिस्तूल आत ठेवतो. बसले तर बसले. खेळाला कमाल आकार हवा होता म्हणून पेटीत मावणे ही अट. कायद्याला किमान आकार हवा होता. तर अमुक मापाच्या पेटीत मावणार नाही ते निर्बंधित, मावेल ते प्रतिबंधित, असे म्हणता आले असते. लांबी, उंची, जाडी तिन्ही एकदम मोजली जातात, नळी कुठून सुरू होते हा वादच उरत नाही, आणि लुगर-पी-३८चा अन्यायही टळतो.

मापाच्या नावांचा घोळ वेगळाच. जुन्या युरोपीय पिस्तुलांवर ‘७.६५’ एवढेच कोरलेले असते. ते ७.६५ ब्राउनिंग असेल तर ते .३२ एसीपी, म्हणजे नळी कितीही लांब असो, प्रतिबंधित. ७.६५ पॅराबेलम असेल तर ते .३० लुगर. ते .३२ नाही, तिथे निर्णय नळीवर. दोन्ही काडतुसे समोर ठेवली तर ओळखायला क्षण पुरतो. ब्राउनिंगची पुंगळी सरळ, जेमतेम १७ मिमी. पॅराबेलमची २१ मिमीच्या पुढे आणि खांद्याशी बाटलीसारखी आवळलेली. पण वारसाहक्काच्या कागदांवर काडतूस शेजारी नसते, नुसता आकडा असतो, आणि चुकीच्या वर्गात नोंद होते ती अशी.

ज्यांच्याकडे आधीच होते

कोणत्याही वर्गीकरणात खरी कसोटी लागते ती इथे. उद्यापासून हे प्रतिबंधित, असे म्हणणे एका ओळीचे काम. पण काल ते कायदेशीर होते, नोंदलेले होते, पैसे देऊन घेतले होते. कॅनडाने ही शस्त्रे जप्त न करता मालकांना हक्क राखून दिला. शस्त्र कायद्याच्या कलम १२ च्या पोटकलमांत हे लोक येतात. आखूड किंवा .२५/.३२ च्या हँडगनसाठीचे पोटकलम ६, आणि तिथली शस्त्रे वर्णन करणारे ६.१. हा हक्क फक्त अशा शस्त्रांची नोंद आधीपासून ज्याच्या नावावर होती त्याला. आधी ही तारीख विधेयक मांडल्याची, १४ फेब्रुवारी १९९५ होती. पुढे दुरुस्ती करून ती १ डिसेंबर १९९८ केली. कारण मधल्या काळात लोकांनी दुकानातून कायदेशीर खरेदी केली होती, दुकानदारांनीही विकले होते, आणि ती मंडळी उगाच अधांतरी लटकली होती.

हा हक्क माणसाला चिकटलेला आहे, पिस्तुलाला नाही. ज्याला तो आहे तो त्याच गटातले दुसरे आखूड पिस्तूल त्याच गटातल्या दुसऱ्या माणसाकडून घेऊ शकत असे. पण अट अशी की नोंदणी आणि परवाना अखंड चालू राहिला पाहिजे. परवान्याचे नूतनीकरण विसरले आणि खंड पडला, तर हक्क गेला, परत मिळत नाही. गटातले शेवटचे पिस्तूल विकून टाकले आणि नवे घेतले नाही, तरी तेच. लांब नळी बसवून तेच पिस्तूल निर्बंधित वर्गात नेले आणि दुसरे आखूड शस्त्र जवळ नसले, तरी तेच. गट बंद आहे. त्यात माणसे कमी होतात, वाढत नाहीत. त्यामुळे अशा पिस्तुलांची किंमतही घसरत गेली, कारण विकत घेणारे दरवर्षी कमी.

एक खिडकी उघडी ठेवली होती, आणि ती नेमकी युद्धाच्या आठवणींसाठी. हँडगन १९४६ पूर्वी बनलेले असेल, तर ते हक्कदाराच्या पती किंवा पत्नीला, भावाला, बहिणीला, मुलाला, नातवंडाला घेता येत असे. पोटकलम ७. आजोबांचे लुगर नातवाकडे जाऊ शकत होते, पण तेवढेच एक. नातवाला या वाटेने दुसरे कोणतेही आखूड पिस्तूल घेण्याचा हक्क मिळत नसे. पुतण्या आणि भाचा या यादीत नाहीत, आणि नि:संतान सैनिकांच्या घरी हेच नडत असे.

मृत्यूनंतर घरच्यांनी काय करायचे, हे अनेकांना माहीत नसते आणि चुका होतात त्या दु:खाच्या दिवसांत. पहिली चूक म्हणजे पिस्तूल सापडले की ते गाडीत घालून पोलीस ठाण्यात घेऊन जाणे. निर्बंधित किंवा प्रतिबंधित शस्त्र वाहतूक परवान्याशिवाय हलवायचे नसते. ते आहे तिथेच कुलपात ठेवून फोन करायचा आणि येऊन न्यायला सांगायचे. दुसरी चूक म्हणजे काहीच न करणे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला मृताचे शस्त्र वाजवी काळ सांभाळता येते, कायमचे नाही. मग पर्याय उरतात: पात्र वारसाच्या नावे, परवाना असलेल्या व्यावसायिकाकडे, संग्रहालयाकडे, कायमचे निकामी करून घेणे, नाहीतर पोलिसांच्या हवाली. लुगरसारख्या वस्तूसाठी संग्रहालय हा सगळ्यांत चांगला रस्ता. युद्धाचा पुरावा भट्टीत जाऊ नये असे मनापासून वाटते.

आपल्याकडची रेघ

मराठी वाचकाला यात सगळ्यात चमत्कारिक वाटेल ती .३२ ची गोष्ट. भारतात साध्या नागरिकाला परवान्यावर जे रिव्हॉल्व्हर मिळते ते बहुधा याच बोअरचे, म्हणजे नळीच्या याच मापाचे. कानपूरच्या आयुध कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर महाराष्ट्रातल्या किती परवान्यांवर असेल. २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलेले हलके ‘निर्भीक’ सुद्धा .३२ चेच. आणि ९ मिमी पॅराबेलम, म्हणजे लुगर आणि पी-३८चे तेच ९ × १९, जे कॅनडात नेमबाजी क्लबाचे रोजचे काडतूस, ते इथे सर्वसामान्य परवानाधारकाला बंद. दोन देशांनी एकाच टेबलावरच्या शस्त्रांना अगदी उलट्या चिठ्ठ्या लावल्या.

कारण भीती वेगळी. इंग्रजी अमलात भीती होती ती सैन्याचे काडतूस बंडखोराच्या बंदुकीत जाण्याची. म्हणून सैन्याच्या बोअरचे शस्त्र नागरिकाकडे नको, हे सूत्र. तेच प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर या भाषेत आजवर आले आहे. त्या सूत्राचेही १०६ मिमी निघाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा इंग्लंडच्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी वाघ-गव्यांच्या शिकारीची नवी काडतुसे काढली. ताकद जवळजवळ तीच, फक्त सैन्याच्या पुंगळीशी न जुळणारी. पण इथे रेघेचा हेतू पूर्ण झाला. चोरलेले लष्करी काडतूस .४७० मध्ये बसत नव्हते. नळीची लांबी आपल्या कायद्यातही येते, पण दुसऱ्या वाटेने. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ६ परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई करते. म्हणजे शस्त्र आखूड कशाने झाले, हा प्रश्न आपला कायदा विचारतो.

टोरोंटो किंवा ब्रॅम्प्टनला स्थायिक होणाऱ्या माणसाने एवढे पक्के लक्षात ठेवावे की इथला परवाना तिथे कागदाचा तुकडा आहे. घरचे .३२ रिव्हॉल्व्हर, नळी सहा इंची असली तरी, तिथे कॅलिबरमुळेच प्रतिबंधित आहे आणि सोबत नेता येत नाही. निघण्यापूर्वी ते इथल्या परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवून कायद्याने विकावे किंवा जमा करावे.

रेघ निरर्थक झाली ती तारीख

२१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडाने हँडगनची व्यक्तींमधली खरेदी-विक्री आणि हस्तांतरण गोठवले. १५ डिसेंबर २०२३ ला राजमान्यता मिळालेल्या सी-२१ ने ते कायद्यात पक्के केले. सवलत मुख्यतः ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक प्रकारांत नेमबाजी करणाऱ्यांना आणि कामासाठी शस्त्र बाळगण्याची परवानगी असणाऱ्यांना. ज्यांच्याकडे नोंदलेले निर्बंधित पिस्तूल आहे ते ठेवू शकतात, क्लबात नेऊ शकतात, पण दुसऱ्या सामान्य नेमबाजाला विकू शकत नाहीत.

१९९८ मध्ये आखूड पिस्तुलांच्या मालकांचा जो बंद गट केला होता, त्याच घडणीचा मोठा गट आता सगळ्या हँडगनधारकांचा झाला आहे. ग्लॉकची चार मिलिमीटर बाहेर आलेली नळी ज्या बाजारासाठी कापली होती तो बाजारच उरला नाही. संहितेत १०५चे कलम अजून आहे. मोजणीची व्याख्याही आहे, आणि नोंदणी तपासनीस गरज पडली तर आजही दांडा आत घालून खूण करतो. लुगर प्रतिबंधित आहे, पी-३८ निर्बंधित आहे. पण दुकानात येणाऱ्या नव्या माणसाला यातले एकही मिळत नाही.